लातूरची अभ्यासिका, मीटर आणि येळवस: माणसांच्या वर्दळीवरून विजेचा अंदाज

मांजराकाठ | १० जानेवारी, रात्री ९:४०

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज धागा काढतोय. जरा लांबेल.

लातुरात माझ्या मामांची अभ्यासिका आहे. तळमजल्यावर ऑफिस आणि एक छोटा हॉल, पहिल्यावर मुलांचा हॉल, दुसऱ्यावर, म्हणजे थेट स्लॅबखाली, मुलींचा. वरच्या दोन्ही हॉलांत साठ-साठ कप्पे आणि दोन टनांचे तीन-तीन एसी. जुने, इन्व्हर्टर नसलेले. चोवीस तास उघडी. नीटवाले, एमपीएससीवाले, तलाठी भरतीवाले, सगळे एकाच छताखाली. मामांचं एकच रडगाणं: "पोरं निम्मी झाली तरी बिल निम्मं का होईना?" घरात संगणकवाला भाचा मी एकटाच, त्यामुळे प्रश्न माझ्या गळ्यात पडला. मला वाटलं दोन रविवारांचं काम. दीड वर्ष झालं.

साहित्य सांगतो. बोटाचा ठसा घेणारं हजेरीचं यंत्र आधीच होतं. त्यातून दर पंधरा मिनिटाला प्रत्येक हॉलात किती जण आहेत एवढाच आकडा उचलला. मुख्य बोर्डात तिन्ही फेजना सीटी (तारेभोवती चिमट्यासारखा बसून करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) लावून मॉडबसवाला, म्हणजे आकडे तारेवरून दुसऱ्या यंत्राला देणारा, मीटर बसवला, ते आकडे उतरवून घ्यायला त्याला एक ईएसपी३२ हा छोटा संगणकी बोर्ड जोडला. बाहेरच्या तापमानासाठी गच्चीवर सावलीत सेन्सर. जुलै २०२४ पासून नोंदी आहेत.

आता फजिती. किती माणसं आणि किती ऊन असताना किती वीज लागेल, हे जुन्या नोंदींवरून शिकून ओळखणारं पहिलं मॉडेल लाइटजीबीएम या तयार सॉफ्टवेअरवर केलं. सगळ्या नोंदी पत्त्यांसारख्या पिसल्या, ऐंशी टक्के शिकायला दिल्या, वीस टक्के परीक्षेला ठेवल्या. निकाल असा भारी की मी मामांना फोन करून सांगितलं, काम झालं. नंतर ट्यूब पेटली. दुपारी तीनची नोंद शिकण्यात आणि सव्वातीनची परीक्षेत, म्हणजे पेपर फुटलेलाच होता की! लातुरात बसून पेपर फोडायचा म्हणजे केवढी नामुष्की. मग तारखेप्रमाणे कापलं: फेब्रुवारी २०२५ पर्यंत शिकायचं, पुढचं ओळखायचं. मार्च कसाबसा गेला. एप्रिलमध्ये मॉडेल आडवं झालं. बाहेर ऊन चढत होतं, मीटर पळत होतं, आणि मॉडेलची रेघ मात्र टेबलासारखी सपाट. कारण सोपं आहे, पण कळायला मला पंधरा दिवस लागले. लाइटजीबीएम निर्णयवृक्षाच्या जातीचं, म्हणजे 'तापमान इतक्याच्या वर आहे का?' अशा प्रश्नांच्या फांद्या करत उत्तराला पोचणारं. ही मॉडेलं शिकताना पाहिलेल्या आकड्यांच्या पलीकडे जात नाहीत. जुलै ते फेब्रुवारीत त्याने बेचाळीस अंश कधी पाहिलेच नव्हते, त्यामुळे बेचाळीस त्याला छत्तिसासारखेच दिसले.

दुसरी फजिती येळवसची. बाहेरच्यांसाठी: वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी सगळं शहर शेतात जातं. भज्जी, आंबील, उंडे. दुकानं बंद, रस्ते ओस. अभ्यासिकेत सकाळी आठ ते दुपारी चार या वेळात तीन-चार पोरं होती. मॉडेलने भरल्या हॉलाचा आकडा दिला होता. वर्षातली सगळ्यांत मोठी चूक त्या दिवसाची!

प्रश्न दोन आहेत. एक, असे दिवस मॉडेलला शिकवायचे कसे? दोन, मामांच्या प्रश्नाचं उत्तर खरंच माणसांच्या संख्येत आहे का? मला शंका येऊ लागलीय.

---

हिमरू | १० जानेवारी, रात्री १०:२५

छान धागा. मी संभाजीनगरला इमारतींच्या विजेच्या हिशोबाचंच काम करतो, म्हणून बोलतो.

येळवस तारखेवर शिकवता येणारच नाही. मागचे तीन पाहा: ११ जानेवारी २०२४, ३० डिसेंबर २०२४, १९ डिसेंबर २०२५. एक गुरुवार, एक सोमवार, एक शुक्रवार. इंग्रजी महिना, वार, आठवड्याचा क्रमांक, काहीच जुळत नाही. पंचांगातून तिथी घ्या आणि 'महिना-तिथी' असा वेगळा रकाना करा. महालक्ष्म्या, पोळा, दिवाळी सगळंच त्यात बसेल. फक्त लक्षात घ्या, वर्षात एकदाच येणारा दिवस दीड वर्षाच्या नोंदीत जास्तीत जास्त दोनदा येतो. दोन उदाहरणांवर कुठलंही मॉडेल शिकत नाही. तिथे सरळ हाताने नियम लिहावा: येळवस असेल तर रविवारच्या पहाटेसारखं धरा. त्यात कमीपणा नाही.

वृक्षांना नावं ठेवू नका मात्र. २०१९ साली अ‍ॅश्रेने (एसी-वायुवीजनवाल्या अभियंत्यांची अमेरिकेतली संस्था) कॅगल या मॉडेलांच्या स्पर्धांच्या संकेतस्थळावर मोठी स्पर्धा घेतली होती, चौदाशेच्या वर इमारतींच्या दर तासाच्या नोंदी देऊन. वरचे नंबर बहुतेक याच जातीच्या मॉडेलांनी, तीही पाच-दहा एकत्र बांधून, काढले. पण त्यातही खरी मेहनत नोंदी साफ करण्यात गेली. एका ठिकाणच्या विजेच्या नोंदी पहिल्या काही महिन्यांत नुसती शून्यं होती आणि एकक वेगळंच लागलं होतं. ज्यांनी ते ओळखलं ते पुढे गेले.

एप्रिलवर उपाय: आधी तापमानाची साधी सरळ रेघ बसवा, म्हणजे अमुक अंशाच्या वर प्रत्येक अंशाला इतके यूनिट. उरलेली चूक वृक्षांना शिकायला द्या. रेघ बेचाळिसालाही वर जाते, वृक्ष फक्त वळणं सांभाळतात.

आणि एक खवचट प्रश्न. उद्याचा अंदाज काढताना उद्याची हजेरी कुठून आणता?

---

पाथरवट | १० जानेवारी, रात्री ११:०२

एवढा खटाटोप कशाला? वॉचमनला विचारा. शेवटचं पोरगं कधी जातं, एसी कोण बंद करतं, सगळं त्याला ठाऊक असतं. यंत्राला शिकवण्यात दीड वर्ष घालवलंत, त्याला दीड कप चहा पाजला असता तर भागलं असतं.

---

उंडे_आणि_आंबील | १० जानेवारी, रात्री ११:१०

बाकी काही कळालं नाही, पण भज्जीची आठवण काढल्याबद्दल निषेध. पुण्यात बसलोय आणि इथं हरभऱ्याचे सोलाणे पावशेराने मिळायलेत.

---

मांजराकाठ | ११ जानेवारी, सकाळी ७:१५

हिमरू, बरोब्बर पकडलंत. परीक्षेत मी त्या-त्या वेळची खरी हजेरी देत होतो, आणि उद्याची हजेरी तर उद्याच कळणार. म्हणजे हा दुसरा पेपर फुटला. आता दोन टप्पे केलेत: आधी हजेरीचा अंदाज, मग त्या अंदाजावर विजेचा. चूक वाढली, पण खरी झाली.

पाथरवट, चहा पाजला. त्याचं पुढे सांगतो, कारण तुमचं बरचसं बरोबर निघालं.

---

वायरमन_बीड | ११ जानेवारी, दुपारी १:३०

भाऊ, मॉडेल नंतर बघा, आधी मीटर बघा. तीन गोष्टी विचारतो.

सीटीचा बाण सप्लायकडून लोडकडं आहे का? तिन्हीतली एक उलटी बसली तर बेरजेत ती फेज वजा होते आणि आकडा खोटा येतो. लई ठिकाणी बघितलंय.

लाइट गेल्यावर तुमचं यंत्र काय लिहितं? शून्य लिहीत असेल तर मॉडेलला वाटणार हॉल रिकामा. पोरं तर आत इन्व्हर्टरवर अभ्यास करायलेत. आणि लाइट आली की बॅटऱ्या चार्जिंगला लागतात, तेव्हा माणूस नसला तरी मीटर चढतं. डीपीवर फॉल्ट झाला की दोन-दोन तास जातात, मग दोन-तीन तास बॅटरी ओढते. तो वेगळा धरा.

तिसरं, मोटार. लातुरात नळ कवा येतो?

---

मांजराकाठ | ११ जानेवारी, रात्री ८:५०

काका, साष्टांग नमस्कार. बाण बघितला. बी फेजची सीटी उलटी नव्हती, पण तिचा चिमटा नीट बंद झाला नव्हता. दोन भागांत कागदाएवढी फट. बोटाने दाबली तर कट् आवाज आला आणि आकडा वर उडाला. कधीपासून फट होती देव जाणे. नोंदीत मागे जाऊन पाहिलं तर सप्टेंबरात एके दिवशी बी फेज अचानक एक पायरी खाली उतरलीय. त्या दिवशी रंगारी आला होता.

शून्याचंही तेच. मीटरचाच सप्लाय गेल्यावर वाचन थांबायचं आणि माझा कोड रिकाम्या जागी शून्य भरायचा. गाढवपणा माझा. आता तिथे रिकामंच ठेवतो आणि 'लाइट येऊन किती वेळ झाला' असा रकाना जोडलाय.

आणि नळ. आमच्या गल्लीत नळ आठवड्याने येतो, तोही कधी पहाटे चारला, कधी रात्री अकराला. आला की हौदातून गच्चीवर चढवायला मोटार, नाही आला तर बोअर. दीड हॉर्सपॉवर म्हणजे साधारण सव्वा किलोवॅट, दोन-तीन तास. माणसांशी त्याचा काडीचा संबंध नाही. शेजारच्या काकूंच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'नळ आला' हा निरोप येतो, त्याच्या वेळा मी रकान्यात भरल्या. आजवर जोडलेल्या रकान्यांत सगळ्यांत उपयोगी तोच निघाला म्हटलं तर हसू नका.

---

गोदाकाठ | १२ जानेवारी, सकाळी १०:०५

नांदेडहून. आमच्याकडे एका कार्यालयाच्या इमारतीचा असाच हिशोब केला होता. नाव सांगत नाही, नोकरी करायचीय. राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला. शनिवारी इमारत बंद म्हटल्यावर आम्हाला वाटलं शनिवारचा वापर रविवारइतका होईल. झाला नाही. शनिवारी साफसफाई, दोन-चार जण 'पेंडिंग' काढायला, आणि पॅसेजचे सगळे दिवे शुक्रवारपासून तसेच. त्यानंतर टाळेबंदी आली आणि त्या वर्षाच्या नोंदी कशाशीच तुलना करण्यालायक उरल्या नाहीत. जुन्या नोंदी वापरणाऱ्यांनी हे दोन्ही सांधे लक्षात ठेवावेत. बँकेची इमारत असेल तर आणखी एक सांधा: दुसरा-चौथा शनिवार १ सप्टेंबर २०१५ पासून सुट्टीचा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर: बोत्सवाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या काही व्यापारी इमारतींचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला होता. हवामान आपल्यासारखंच कोरडं-उष्ण. त्यात ५६ टक्के वीज कामाच्या वेळेबाहेर खर्च होत होती, ४४ टक्के कामाच्या वेळेत. म्हणजे माणसं घरी आणि मीटर ऑफिसात. मामांना हे ऐकवा.

---

तेरणा | १२ जानेवारी, दुपारी ४:२०

मी धाराशिवला मुलींच्या वसतिगृहाचं काम बघते. सगळे विजेवर बोलताहेत, मला ठशांची काळजी वाटते. कोणती मुलगी रात्री किती वाजता आली, कधी गेली, हे तुमच्या फाइलीत आहे ना? विजेचं बिल कमी करायच्या नावाखाली ही यादी उद्या कुणाच्या हातात जाईल? आमच्याकडे एका पालकांनी अशीच यादी मागितली होती, मी दिली नाही. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहेच, पण कायद्याच्या आधी साधी माणुसकी आहे.

---

मांजराकाठ | १२ जानेवारी, रात्री ९:३०

ताई, बरं झालं विचारलंत. यंत्रातून माझ्याकडे नावं येत नाहीत, फक्त 'दुसरा मजला, सव्वादहा, एकतीस' असा आकडा येतो. पण खरं सांगायचं तर सुरुवातीचे दोन महिने पूर्ण यादीच उतरवून घेत होतो, कारण ते सोपं होतं. ती फाइल पुसली. आणि पाचपेक्षा कमी जण असतील तर नेमका आकडा न लिहिता नुसतं 'पाचच्या आत' लिहितो, कारण पहाटे तीनला एकच मुलगी असेल तर आकडा म्हणजे नावच झालं.

---

हिमरू | १२ जानेवारी, रात्री १०:४०

तेरणाताईंचा मुद्दा रास्त आहे. ठसे टाळायचे तर दुसरे मार्ग आहेत, पण प्रत्येकाची खोड निराळी.

वायफाय: आयआयआयटी दिल्लीने आपल्या आवारातल्या सात इमारतींच्या ५२ महिन्यांच्या, मिनिटामिनिटाच्या विजेच्या नोंदी २०१९ साली सर्वांसाठी खुल्या केल्या. त्यात माणसांचा अंदाज वायफायला जोडलेल्या उपकरणांवरून आहे. पण अभ्यासिकेत निम्मी पोरं अभ्यासासाठी फोन बंद ठेवतात आणि उरलेली दोन-दोन बाळगतात.

उजेड: बेल्जियममधल्या एका ऑफिसच्या खोलीच्या नोंदी २०१६ पासून सगळे शिकाऊ लोक वापरतात. तिथे नुसत्या उजेडाच्या सेन्सरवरून खोलीत माणूस आहे की नाही हे जवळजवळ अचूक कळतं, कारण तिथला माणूस जाताना दिवा बंद करतो. आपल्याकडे हा सेन्सर लावला तर 'माणूस कायम आहे' असंच म्हणत बसेल.

कार्बन डायऑक्साइड: चांगला मार्ग, पण अवरक्त किरणांवर चालणारा सेन्सर घ्या. स्वस्तातला एमक्यू१३५ नको, तो कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही, उदबत्तीलाही घाबरतो. आणि तुमच्या जागेत एक जास्तीचा फास आहे. हे सेन्सर आपोआप जुळवून घेतात: मधल्या काळातली सगळ्यांत कमी नोंद म्हणजे बाहेरची स्वच्छ हवा, असं धरून चालतात, साधारण ४०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग). चोवीस तास उघड्या, खिडक्या बंद हॉलात ती वेळ येतच नाही. मग सेन्सर हळूहळू कोंदट हवेलाच स्वच्छ म्हणू लागतो. ती सोय बंद करून ठेवा.

---

मांजराकाठ | १४ जानेवारी, संध्याकाळी ६:१०

तिळगूळ घ्या. आता मामांच्या प्रश्नाकडे.

नकळत एक प्रयोग झाला होता, तो आता सापडला. गेल्या वर्षी नीट ४ मेला होती. त्याच्या आधीच्या आठवड्यात दोन्ही हॉल गच्च, कप्प्यांसाठी भांडणं. ५ मेपासून चौथाई पोरं उरली. ऊन तेच, इमारत तीच, फक्त माणसं गेली. अवकाळीने ढगाळलेले दिवस वगळून दोन्ही आठवडे शेजारी ठेवले. माणसं चौथाईवर आली, वीज पाचव्या हिश्शानेसुद्धा उतरली नाही.

का, ते कागदावर मांडलं. बसून अभ्यास करणारा माणूस साधारण शंभर वॅट उष्णता देतो. साठ जण म्हणजे सहा किलोवॅट. एक टन एसी म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढणं. म्हणजे साठ पोरांचा भार पावणेदोन टनांच्या आसपास. एसी एका यूनिटात तीन यूनिट उष्णता काढतो असं धरलं तर भरलेल्या हॉलातल्या सगळ्या पोरांचा मिळून खर्च तासाला दोन यूनिट. बाकीचं सगळं स्लॅब, पश्चिमेची भिंत आणि पत्र्याच्या दारातून येणारं ऊन खातं, आणि ते पंधरा पोरं असली तरी तेवढंच. हॉलात पहिलं पोरगं शिरलं की तिन्ही एसी लागतात, शेवटचं गेलं की कधीतरी बंद होतात.

म्हणून 'किती जण' हा रकाना बाजूला ठेवून 'हॉलात कुणी आहे का', 'पहिला येऊन किती वेळ झाला' आणि 'शेवटचा जाऊन किती वेळ झाला' असे तीन घातले. मॉडेल लगेच सुधारलं. दर तासाची चूक सरासरी वापराच्या ३४ टक्क्यांवर अडकली होती, ती २३ वर आली. अ‍ॅश्रेच्या १४ व्या मार्गदर्शिकेत तासाच्या मॉडेलला ३० टक्क्यांची मुभा आहे, म्हणजे पास.

शेवटच्या रकान्याला चव आणली ती वॉचमन आबांनी. पाथरवट, घ्या तुमचा चहा. आबा वहीत लिहितात: 'वरचा हॉल बंद १:४०'. यंत्र म्हणतं शेवटची मुलगी १२:५५ ला गेली. पाऊण तास तिन्ही एसी रिकाम्या खुर्च्यांना गार करत होते. रोज. आबांना विचारलं तर म्हणाले, "जिना चढून कितीदा बघू बापू, गुडघे राहिलेत का?"

---

पाथरवट | १४ जानेवारी, संध्याकाळी ६:४५

म्हणलं होतं ना. मग खाली एक बेल बसवा, शेवटचं जाणाऱ्यानं दाबावी.

---

वायरमन_बीड | १४ जानेवारी, रात्री ८:००

बेल नको, कुणी दाबत नाही. वरच्या एसींचा कंट्रोल खाली आबांच्या टेबलाजवळ घ्या. काँटॅक्टर (लांबून मोठा लोड चालू-बंद करणारा स्विच) आणि एक सिलेक्टर स्विच, दीड दिवसाचं काम. एमसीबी रोज पाडून एसी बंद करू देऊ नका, ती त्यासाठी नसते. आणि एसी बंद केल्यावर लगेच परत लावायचा नाही, तीन मिनिटं जाऊ द्या, कॉम्प्रेसर बसंल.

---

हिमरू | १४ जानेवारी, रात्री ९:१५

सुंदर. फक्त २३ टक्क्यांवर भाळू नका. चूक कुठे उरलीय ते तासाप्रमाणे मांडून पाहा. सरासरीत सगळं झाकलं जातं.

---

मांजराकाठ | १८ जानेवारी, रात्री १०:३०

स्विच बसला. रात्री अकरानंतर दोन्ही हॉल मिळून वीसच्या आत पोरं उरली तर ज्यांना चालतं त्यांना तळमजल्याच्या हॉलात बसवतो, एका बाजूला मुली, एका बाजूला मुलं, मध्ये आबा. मुलींना आधी विचारलं, दोघी-तिघी नको म्हणाल्या, त्यांच्यासाठी वर एक एसी चालू राहतो. बिलाचं आता बोलत नाही. सध्या थंडी आहे, खरा निकाल एप्रिलात.

हिमरू म्हणाले तसं चूक तासाप्रमाणे मांडली. दिवस ठीक आहे. पण पहाटे साडेचार ते सव्वापाच या वेळात मॉडेल रोज कमी सांगतं, दीड किलोवॅटच्या आसपास, आणि फक्त नोव्हेंबरपासून. नळाची वेळ नाही, बॅटरी नाही, एसी तर नाहीच. काल पावणेपाचला उठून गेलो. तळमजल्याच्या मागच्या बाथरूमबाहेर प्लास्टिकच्या बादलीत पाणी तापवायचा रॉड लावलेला, आणि टॉवेल खांद्यावर टाकून चार पोरं नंबर लावून उभी. खोलीचं भाडं परवडत नाही म्हणून रात्री हॉलातच झोपतात. आबांना ठाऊक आहे. मला बघून एकाने रॉडचा पिन काढला. मी म्हणालो, "राहू दे, पाणी निवेल."

---

तेरणा | १८ जानेवारी, रात्री ११:०५

मामांना सांगितलंत?

---

मांजराकाठ | १८ जानेवारी, रात्री ११:२०

मॉडेलला सांगितलंय. रकान्याचं नाव 'किरकोळ' ठेवलंय.

---

वायरमन_बीड | १९ जानेवारी, सकाळी ६:५०

प्लास्टिकची बादली असंल तर रॉड लाकडी फळीवर अडकवा, काठाला टेकू देऊ नका. आणि त्या पॉइंटला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच सप्लाय तोडणारा स्विच, आहे का तेवढं आजच बघा.